चिकटपट्टी ओढू नका : जुना कागद आणि म्हातारी कातडी



एरवी मी इथे रक्तदाब, साखर, थायरॉइड असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय चिकटपट्टीचा आहे. मराठीत आपण हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी वापरतो. फाटलेल्या वहीला लावतो तीही चिकटपट्टी आणि सलाईनची सुई हलू नये म्हणून सिस्टर हातावर लावतात तीही चिकटपट्टी. गेल्या वर्षभरात या दोन्ही पट्ट्या काढताना माझ्या हातून चूक झाली. पहिल्या वेळी एका जुन्या कॉमिकचं मुखपृष्ठ गेलं. दुसऱ्या वेळी माझ्या वडिलांच्या हाताची कातडी गेली. पहिल्या चुकीतून मी बरंच शिकलो होतो, पण दुसऱ्या वेळी त्यातलं काहीच आठवलं नाही. तुमच्या हातून असं होऊ नये म्हणून लिहितो आहे.

पेटीतले वेताळ

आमचं मूळ घर धुळ्याला, जुन्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत. माझा दवाखाना जळगावला. मधलं अंतर नव्वदेक किलोमीटरचं, एरंडोल-पारोळा मार्गे. दर दिवाळीला आम्ही धुळ्याला जातो. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना पत्र्याची पेटी खाली काढली आणि त्यात माझी इंद्रजाल कॉमिक्स निघाली. साठेक तरी असतील.

माझ्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. टाइम्स ऑफ इंडियाचा समूह ती काढायचा, मराठीतही यायची. ली फॉक यांचे वेताळ आणि जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा आपला देशी बहादूर. स्टेशनवरच्या स्टॉलवर नवा अंक दोरीला लटकलेला दिसला की गाडी सुटली तरी चालेल, अशी आमची अवस्था.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, शाळेत शिक्षक होते. कॉमिक्स त्यांना अजिबात आवडत नसत. परीक्षा जवळ आली की सगळी कॉमिक्स कपाटात कुलूपबंद. परीक्षा संपली की ती परत मिळायची आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट घडलेली असायची : जी पानं फाटलेली होती त्यांना सेलोटेप लागलेला असायचा. हे कोण करतं, असं आम्ही कधी विचारलं नाही आणि नानांनी कधी सांगितलं नाही.

आता चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तो सेलोटेप मधाच्या रंगाचा झाला होता. काही ठिकाणी वरचं प्लॅस्टिकसारखं पापुद्र सुटून खाली तपकिरी डाग उरला होता. काही ठिकाणी पट्टी अजून घट्ट होती आणि तिच्या कडेने तेलकट ओल पसरल्यासारखा कागद पारदर्शक झाला होता. मी एक अंक घेतला. मुखपृष्ठावर वेताळ होता. पट्टीचं एक टोक सुटलेलं दिसलं, नखाने पकडलं आणि वर ओढलं. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर वेताळाचा अर्धा चेहराही निघून आला.

पट्टीखाली काय चाललेलं असतं?

रिचर्ड ड्रू नावाच्या अमेरिकन माणसाने १९२५ साली रंगकाम करणाऱ्यांसाठी मास्किंग टेप बनवली आणि १९३० साली पारदर्शक सेलोफेनची पट्टी बाजारात आणली. ते मंदीचे दिवस होते. नवीन घेण्यापेक्षा जुनं जोडून वापरायची गरज होती, त्यामुळे ही पट्टी घरोघरी गेली. या जुन्या पट्ट्यांचा गोंद रबर आणि राळ यांचा असे.

हा गोंद म्हातारा होतो आणि त्याच्या म्हातारपणाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली काही वर्षं तो नुसता चिकट असतो, कागदाच्या वरच राहतो. नंतर हवेतल्या ऑक्सिजनने तो पिवळा, मऊ आणि तेलकट होतो आणि कागदाच्या तंतूंमध्ये उतरतो. उष्णतेने हे काम वेगाने होतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालचा आमचा माळा कसा तापतो, हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. शेवटच्या पायरीत गोंद वाळतो, कडक होतो, वरची पट्टी आपोआप गळून पडते आणि जो डाग उरतो तो बहुधा कायमचा असतो.

दुसरी बाजू कागदाची. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं. वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं आहेत. तसली जुनी हस्तलिखितं हातकागदावरची. चिंध्या आणि लांब तंतूंपासून केलेला तो कागद शेकडो वर्षं टिकतो. कॉमिकचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन राहतं, ते काळाबरोबर पिवळं पडतं आणि आम्ल तयार होतं. तंतू आखूड असतात, तेही तुटतात. म्हणजे गोंद दिवसेंदिवस आत रुततो आणि कागद दिवसेंदिवस दुबळा होतो. पट्टी ओढली की कागद आणि पट्टी यांच्यातली पकड सुटत नाही, कागदाचाच वरचा थर कागदापासून सुटतो. माझ्या वेताळाचं तेच झालं.

ही चूक मोठमोठ्या विद्वानांनीही केली आहे. मृत समुद्राकाठच्या गुहांमध्ये १९४७ नंतर सापडलेल्या, दोन हजार वर्षं जुन्या गुंडाळ्यांचे तुकडे १९५० च्या दशकात अभ्यासकांनी चक्क चिकटपट्टीने जोडले होते. गोंद कातड्यात उतरला, कडा काळ्या पडल्या. तो गोंद काढण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. आमच्या नानांना म्हणूनच मी दोष देत नाही.

कागदावरची पट्टी कशी काढावी

चेहरा फाटल्यावर मी शहाणा झालो. जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या एका परिचितांना फोन केला, बरंच वाचलं, रद्दी कागदावर सराव केला. जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

पहिला प्रश्न : काढायलाच हवी का? पट्टी पिवळी नसेल, कागद ओढला जात नसेल, पान नीट उलटत असेल तर ती तशीच राहू द्यावी. अंक खरोखर दुर्मीळ असेल तर तो स्वतः हात न लावता कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाकडे द्यावा.

काढायचीच असेल तर आधी फोटो काढून ठेवा. अंक सपाट, कोरड्या टेबलावर ठेवा. वरचं पापुद्र आधीच सुटलं असेल तर पातळ, बोथट पट्टीने, बिनधारेच्या सुरीसारख्या साधनाने, ते अलगद उचला. गोंद अजून चिकट असेल तर हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून लांबून थोडी ऊब द्या. गोंद सैल झाला की पट्टी वर उचलू नका. तिला तिच्यावरच दुमडा आणि कागदाला जवळजवळ समांतर, मागे मागे, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर न्या. दुसऱ्या हाताचं बोट, जिथे पट्टी सुटते आहे त्याच्या अगदी जवळ, कागदावर टेकवलेलं हवं. कागदाचा पापुद्रा उठायला लागला की थांबा. दुसऱ्या बाजूने सुरुवात करा, नाही तर उद्या करा.

उरलेला चिकटपणा क्रेप रबराच्या खोडरबराने हळूहळू गोळा होतो. फाटलेली जागा जोडायला पुन्हा सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर नकोच. जपानी टिश्यू नावाचा लांब तंतूंचा पातळ कागद मिळतो. तो गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीने लावतात आणि टिपकागदात दाबून वाळवतात. पुढेमागे गरज पडली तर ही खळ पाण्याने सुटते, हा तिचा मोठा गुण. जुने बुकबाइंडर खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. घरी तसं करू नका. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, ते पोटात गेलं तर मूत्रपिंडांपर्यंत नुकसान करतं आणि त्याचा निळा रंग लहान मुलांना भुरळ घालतो.

एक गंमत डॉक्टर म्हणून सांगतो. सुकलेला गोंद फुगवून काढायला संवर्धक मिथाइल सेल्युलोजचा लगदाही वापरतात. याच कुळातली द्रव्यं डोळे कोरडे पडणाऱ्यांना मी थेंबांच्या रूपात रोज लिहून देतो.

पेट्रोल आणि थिनरबद्दल

आता माझ्या विषयाकडे येतो. डाग जात नाही म्हटल्यावर लोक काय करतात? गाडीतलं पेट्रोल, रंगाचं थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेतात आणि घासतात. तेही दारं-खिडक्या लावून, कारण वाऱ्याने पानं उडतात. पंखासुद्धा बंद.

पेट्रोलमध्ये बेन्झिन असतं. ते दीर्घकाळ शरीरात जात राहिलं तर अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्त तयार होण्याच्या जागेवर परिणाम करतं, रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं. त्याने डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झिंग आल्यासारखं होतं. काही द्रावकांमध्ये आणि रबराच्या गोंदात एन-हेक्झेन असतं. त्याचं यकृतात जे रूपांतर होतं ते पायांच्या लांब नसांना मारक ठरतं. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरात बसून सँडल चिकटवणाऱ्या कामगारांना पायात मुंग्या, बधिरपणा आणि अशक्तपणा येऊ लागला, तेव्हा हा आजार ठळकपणे पुढे आला. एखाद्या रविवारी एक अंक साफ केल्याने असं होत नाही. पण साठ अंक, रोज रात्री दोन तास, बंद खोलीत, हे गणित वेगळं आहे.

शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या देवघराच्या निरांजनापर्यंत किंवा गॅसपर्यंत पोहोचू शकते. द्रावक वापरून लगेच हेअर ड्रायर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि इतकं करून छपाईचा रंगही फुटतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे : घरी द्रावक वापरू नका. डाग राहिला तर राहू द्या.

पेटी उघडताना आणखी एक काळजी. जुन्या कागदावर बुरशी, धूळ आणि कसरीची घाण असते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी एन-९५ मास्क लावावा आणि मऊ ब्रशने झटकणं घराबाहेर, गच्चीवर करावं. गंजलेली पिन बोटात घुसली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख तपासावी.

मे महिना

हे सगळं मी शिकलो. जळगावच्या घरी रात्री जेवण झालं की टेबलावर दिवा लावून अर्धा तास बसायचो. सहा महिन्यांत अकरा अंक झाले. बायको म्हणायची, "पेशंटला एवढा वेळ देता का हो?" मी हसायचो.

मे महिन्यात नाना धुळ्याला बाथरूममध्ये पडले. वय ८४. मांडीचं हाड मोडलं. त्यांना जळगावला आणलं, शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. काही इंजेक्शनं आणखी तीन दिवस शिरेतून द्यायची होती, ती मी घरीच देणार म्हणून हातावरची सुई तशीच ठेवून त्यांना घरी आणलं.

तिसऱ्या दिवशी शेवटचं इंजेक्शन दिलं. सुई काढायची होती. त्याच वेळी दवाखान्यातून फोन आला, एका रुग्णाचं पोटॅशियम वाढलेलं होतं. फोन खांद्याने कानाशी धरला, पट्टीचं टोक पकडलं आणि आयुष्यभर ओढत आलो तशी ती एका झटक्यात ओढली.

नाना म्हणाले, "काय करी ऱ्हायना भो?"

नाना शिक्षक. घरात ते पुस्तकी मराठीच बोलतात. अहिराणी त्यांच्या तोंडून फक्त दोन वेळा येते : खूप आनंद झाला तर आणि खूप दुखलं तर. मी खाली पाहिलं. मनगटाच्या वर साधारण तीन सेंटिमीटर लांब कातडीचा पापुद्रा उचकटून पट्टीला चिकटला होता आणि खालून रक्त येत होतं. मला टेबलावरचा वेताळाचा अर्धा चेहरा आठवला. कागदासाठी मी सहा महिने हात हलका करायला शिकत होतो. वडिलांच्या हातासाठी मी फोनसुद्धा खाली ठेवला नव्हता.

आणि मला सगळं माहीत होतं. नाना दम्यासाठी कित्येक वर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात. हृदयात स्टेंट असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं चालू आहेत. कातडी कागदासारखी झाली आहे, हातावर जांभळे डाग सतत असतात. असा रुग्ण दुसऱ्या कुणाचा असता तर मी सिस्टरना बजावलं असतं.

म्हातारी कातडी का सुटते?

आपल्या कातडीचे दोन मुख्य थर. वरचा पातळ, खालचा जाड. तरुणपणी हे दोन थर एकमेकांत दात्यांसारखे अडकलेले असतात, सुताराने दोन फळ्यांचा सांधा करावा तसे. वय वाढतं तसे हे दाते सपाट होतात. थर एकमेकांवर नुसते टेकल्यासारखे राहतात. खालच्या थरातलं कोलॅजन कमी होतं, तेल आणि ओलावा कमी होतो. अशा वेळी आडवा ताण बसला की वरचा थर सरकतो आणि फाटतो.

चिकटपट्टीचं वागणं इथेही कागदासारखंच. दवाखान्यातल्या आजच्या बऱ्याच पट्ट्यांचा गोंद ॲक्रिलेट जातीचा असतो. अंगाच्या उबेने तो मऊ होऊन कातडीच्या बारीक खाचांमध्ये उतरतो, म्हणून लावल्यानंतरच्या तासांत पकड वाढत जाते. तीन दिवसांची पट्टी तीन मिनिटांच्या पट्टीपेक्षा जास्त धरते. निरोगी कातडीवरूनसुद्धा प्रत्येक वेळी पट्टीबरोबर मृत पेशींचा पातळ थर निघतो. तरुण कातडीला त्याचं काही वाटत नाही.

या प्रकाराला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. चिकट वस्तू काढल्यावर ३० मिनिटांनंतरही लाली, फोड, साल निघणं किंवा फाटणं दिसत असेल तर ती चिकटपट्टीमुळे झालेली त्वचेची इजा, असं तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ साली ठरवलं. सर्वांत जास्त धोका कुणाला? वृद्धांना आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना. शिवाय दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे, मधुमेही, कुपोषित आणि अंगावर सूज असलेले रुग्ण.

"झटकन ओढली की कमी दुखतं" असं आपण लहानपणापासून ऐकतो. निरोगी तरुण स्वयंसेवकांवर झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तसं दिसलंही आहे. पण तो नियम विशीतल्या कातडीचा आहे. ऐंशीच्या कातडीला तो लावू नका.

कातडीवरची पट्टी कशी काढावी

आधी फोन बाजूला ठेवा. हात धुवा, दिवा लावा, रुग्णाशेजारी बसा. पट्टीचं टोक नखाने खरवडू नका. दुसऱ्या पट्टीचा छोटा तुकडा त्या टोकाला चिकटवून त्याने टोक उचला. मग कापसाच्या बोळ्याने कडेवर थोडं खोबरेल तेल किंवा बेबी ऑइल लावा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. औषधाच्या दुकानात सिलिकॉनचा पट्टी काढण्याचा स्प्रे मिळतो, तो मिळाला तर उत्तमच. तेल उघड्या जखमेवर किंवा सुईच्या छिद्राजवळ जाऊ देऊ नका. त्याच जागी पुन्हा पट्टी लावायची असेल तर तेल नको, कारण नवी पट्टी बसणार नाही.

आता पट्टी तिच्यावरच दुमडा आणि कातडीला समांतर, केसांच्या दिशेने, हळूहळू मागे न्या. दुसऱ्या हाताच्या बोटाने, पट्टी जिथे सुटते आहे तिथली कातडी दाबून धरा आणि पट्टीबरोबर ते बोट पुढे सरकवत राहा. वर, छताकडे ओढायचं नाही. सुई किंवा नळी असेल तर ती एका हाताने धरून ठेवा. जखमेवर लावलेल्या बारीक कागदी पट्ट्या असतील, टाक्यांऐवजी लावतात त्या, तर त्या काढूच नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर त्या आपोआप गळून पडतात.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे आधीच काळजी घेणं. घरातल्या वृद्ध व्यक्तीला दाखल करताना सिस्टरना सांगा, "यांची कातडी नाजूक आहे, कागदी किंवा सिलिकॉनची पट्टी लावाल का?" हे सांगण्यात संकोच नको. जमेल तिथे पट्टीऐवजी गुंडाळायचं बँडेज वापरता येतं. आणि रोज दोन वेळा हातापायांना साधं मॉइश्चरायझर लावा, चोळून नको, हलक्या हाताने केसांच्या दिशेने. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांमध्ये झालेल्या अभ्यासात एवढ्या एका सवयीने कातडी फाटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

कातडी फाटलीच तर

घाबरू नका. स्वच्छ कापडाने हलका दाब देऊन हात उंच धरा. रक्त थांबलं की सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. सुटलेला पापुद्रा कापू नका, ती तुमच्याकडे असलेली सर्वांत चांगली मलमपट्टी आहे. ओल्या कापसाच्या काडीने तो हळूच जागेवर सरकवा. त्यावर न चिकटणारं ड्रेसिंग ठेवा, सिलिकॉनचं किंवा पॅराफिनच्या जाळीचं, आणि वरून बँडेज सैलसर गुंडाळा. कातडीवर पुन्हा पट्टी लावायची नाही. ड्रेसिंगवर पेनने बाणाची खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी ते कोणत्या दिशेने उचलायचं ते कळतं. उलट्या दिशेने उचललं तर बसलेला पापुद्रा पुन्हा सुटतो. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही लावू नका.

दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, मधुमेह असेल, पापुद्रा पूर्ण निघून गेला असेल किंवा नंतर लाली, पू, ताप दिसला तर डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

नानांची जखम भरायला साडेतीन आठवडे लागले. मी रोज ड्रेसिंग बघायचो. त्यांनी तक्रार केली नाही. एकदा एवढंच म्हणाले, "शाळेत मुलांना सांगायचो, एका वेळी एकच काम करा."

शेवटची पट्टी

नाना वॉकर घेऊन चालू लागले तेव्हा संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागले. हात बँडेजमध्ये. मी बाराव्या अंकावर काम करत होतो. त्या अंकाचं शेवटचं पान खालच्या कोपऱ्यात फाटून गेलेलं होतं. त्याखाली मागून कोरा कागद लावून वरून सेलोटेप मारलेला होता आणि फुग्यातले जे शब्द गेले होते ते निळ्या शाईने, शिक्षकाच्या वळणदार अक्षरात, कोऱ्या कागदावर लिहिलेले होते. पट्टीखाली शाई थोडी फुटली होती, पण वाचता येत होती.

म्हणजे त्यांना गोष्ट माहीत होती. कुलूप लावलेल्या कपाटातली कॉमिक्स नानांनी वाचली होती.

मी विचारलं, "नाना, ही काढू का? डाग पडतो आहे."

त्यांनी चष्मा वर केला, पान जवळ धरलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "ती राहू दे. काढलीस तर अक्षर जाईल."

ती तशीच ठेवली आहे. अंक आता पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून, माळ्यावरून खाली, खोलीतल्या थंड बाजूच्या कपाटात आहे. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं वापरू नका, तीही कालांतराने चिकट होतात.

घरी जुनी पुस्तकं असोत की म्हातारी माणसं, पट्टी काढायच्या आधी क्षणभर हात थांबवा. किती दिवस लागलेली आहे, खालचं काय अवस्थेत आहे, आज काढायलाच हवी का, एवढं स्वतःला विचारा. मग सावकाश, मागे दुमडून, एक बोट टेकवून काढा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाच्या जखमेबद्दल तुमच्या डॉक्टरांचा सल्ला प्रत्यक्ष दाखवून घ्यावा.)